नाईलला किती दिवसांनी पाणी येतं?

मनमाड हे महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी पाहिलेलं गाव आहे. फक्त त्यांनी ते रात्री, अर्धवट झोपेत आणि फलाटापुरतं पाहिलेलं असतं. नांदेडला जाणारे, शिर्डीला जाणारे, खानदेशातून दौंडकडे वळणारे सगळे इथे उतरतात, पिशव्यांवर पाय ठेवून बाकावर बसतात, चहा पितात, पुढची गाडी किती लेट आहे हे चार जणांना विचारतात आणि निघून जातात. मुक्कामाला राहतो ते फक्त आम्ही. आमच्या गावातून रामगुळणा आणि पांझण अशा दोन नद्या जातात. पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर त्या ओलांडताना चप्पलसुद्धा भिजत नाही. दोन नद्यांच्या काठी राहूनही आमच्याकडे पोहता येणारी माणसं थोडी आणि भरला हंडा घेऊन थेंबही न सांडता जिना चढणारी माणसं भरपूर, ती त्यामुळेच.

अशा गावातल्या लोकांनी पैसे भरून नदीत राहायला जायचं, ही कल्पना माझ्या मेव्हण्याची. तो पुण्याला नदीकाठच्या सोसायटीत राहतो, त्यामुळे त्याच्या कल्पनांना पाण्याची ददात नसते. "इजिप्तला जाऊन या. नाईलवर क्रूझ. लक्झर ते आस्वान. दिवसभर डेकवर बसायचं, जहाज थांबेल तिथे उतरून दोन-तीन हजार वर्षांचं देऊळ बघायचं, परत येऊन जेवायचं." फोन स्पीकरवर होता. आमची आत्या मेथी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "जहाजात आंघोळीला पाणी किती वाजता सुटतं?"

"आत्या, चोवीस तास असतं."

"रोज?"

"रोज."

आत्याने मेथीची जुडी बाजूला सारली आणि मला म्हणाली, "पासपोर्टचे फोटो कुठे काढतात रे?"

बाहेरगावच्या वाचकाला यातली तीव्रता कळायची नाही, म्हणून सांगतो. मनमाडच्या नळाला वर्षानुवर्षं पंधरा-वीस दिवसांनी पाणी येत आलं आहे, आणि उन्हाळ्यात तेही लांबतं. आधी पालखेड कालव्याचं आवर्तन सुटायचं, मग ते पाणी वागदर्डी धरणात यायचं, तिथून टाकीत, टाकीतून नळात, नळातून टिल्लू मोटारीने खेचून आमच्या गच्चीवर. आता करंजवण धरणापासून थेट पाइपलाइनची योजना आहे, तिने सगळं बदलेल म्हणतात. बदलेलही. पण माणसाच्या हाडात मुरलेल्या सवयी बदलणारी पाइपलाइन अजून कुणी टाकलेली नाही. आमच्या घरी पाण्याचे चार जन्म होतात. पहिल्या जन्मी ते भाजी धुतं, दुसऱ्या जन्मी भांडी विसळतं, तिसऱ्या जन्मी फरशी पुसतं आणि चौथ्या जन्मी तुळशीला जाऊन मोक्ष मिळवतं. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. मुलगी पाहायला आलेले लोक पत्रिकेच्याही आधी गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे ते पाहून घेतात.

तर आम्ही निघालो. मी, ही, आत्या आणि हिचे मामा. मामांची सगळी नोकरी मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर बनवण्यात गेली. त्यांना प्राचीन देवळांत रस नव्हता. पण मोठे दगड एकावर एक कसे चढवले, यात होता. जगातली कुठलीही वस्तू मामांपुढे आली की ते आधी तिचं वजन विचारतात.

लक्झरला पोचलो तर धक्क्यावर जहाजांची गर्दी. आमचं जहाज काठाला लागलेलं नव्हतंच. काठाला एक जहाज, त्याला चिकटून दुसरं, त्याला तिसरं, आणि त्यापलीकडे आमचं. प्रत्येक जहाजाच्या दिवाणखान्यातून, झुंबरांखालून, दुसऱ्यांच्या सोफ्यांना वळसा घालत आपल्या जहाजात जायचं, अशी तिथली रीतच आहे. टूरमधल्या मुंबईच्या मंडळींना हे फार अपमानास्पद वाटलं. आम्हाला घरी आल्यासारखं वाटलं. मधल्या रुळांवर उभ्या गाडीच्या एका दारातून चढून दुसऱ्या दाराने पलीकडे उतरायचं, हे ज्याला येत नाही तो कसला मनमाडकर? (हे करू नये, असं रेल्वे सांगते आणि बरोबर सांगते.) मामांनी तिसऱ्या जहाजात थांबून तिथल्या मॅनेजरला सवयीने विचारलं, "ही किती वाजता सुटते?"

केबिन पाहून ही हरखली. खिडकीबाहेर नदी, आत बाथरूम, बाथरूममध्ये दोन नळ. पलंगावर पांढऱ्या टॉवेलांचा मोठा हंस करून ठेवला होता. शेजारच्या केबिनमध्ये आत्याच्या पलंगावर मगर होती. आत्या मगरीकडे बघून हळहळली. "चार टॉवेल घातलेत रे हिच्यात. धुवायला किती बादल्या लागतील?" बाथरूममध्ये एक कार्ड होतं. पृथ्वी वाचवायची असेल तर टॉवेल पुन्हा वापरा, तो धुताना पाणी खर्च होतं, असं त्यावर लिहिलेलं. मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिलीतला धडा आहे."

रात्री तिच्याकडे गेलो तर केबिनमधला प्रत्येक पोकळ पदार्थ भरलेला होता. चहाची किटली, दोन्ही ग्लास, बर्फाची छोटी बादली, फुलदाणी, शॉवर कॅपसुद्धा. "रात्री गेलं म्हणजे?" ती म्हणाली. मी तिला खिडकीतून नाईल दाखवली. जगातल्या सगळ्यात लांब नद्यांपैकी एक, सहा हजार सहाशे किलोमीटरहून जास्त, दिव्यांच्या उजेडात चकाकत होती. "ती राहू दे बाहेर," आत्या म्हणाली. "घरातलं पाणी ते आपलं." सकाळी केबिन साफ करणारा मुलगा हे सगळं बघून चकित व्हायचा, सगळं ओतून द्यायचा आणि जाताना टॉवेलांचा नवीन प्राणी करून ठेवायचा. त्याला वाटलं असावं, हा हिंदूंचा काही रात्रीचा विधी आहे. शेवटी शेवटी तो भरलेल्या किटलीला हात जोडू लागला.

पाण्याच्या बाबतीत आत्याला जहाजावर एकच धक्का बसला. नळाचं पाणी प्यायचं नाही, दातसुद्धा त्याने घासायचे नाहीत आणि जेवताना बाटली मागवली तर तिचे पैसे वेगळे, हे टूर मॅनेजरने पहिल्याच बैठकीत सांगितलं. खाली नदी, वर टाकी, भिंतीत नळ, आणि घोटभर पाण्याचं बिल. "म्हणजे टँकर इथेही आहे," ती म्हणाली. मग तिला जरा मोकळं वाटलं.

लक्झरची देवळं मी थोडक्यात आवरतो, कारण ती बघून आलेला प्रत्येक माणूस ती लांबवतो. कर्नाकच्या त्या प्रसिद्ध मंडपात 134 खांब आहेत. मामांनी ते मोजले. गाइड सांगतोय त्यावर विश्वास ठेवायची त्यांच्या कारखान्यात पद्धत नव्हती. आमचा गाइड हिंदी बोलायचा, आणि ते हिंदी पूर्णपणे अमिताभ बच्चनकडून शिकलेलं होतं. त्यामुळे फेअरो राजांच्या वंशावळीतसुद्धा "रिश्ते में" अशी सुरुवात यायची. मंदिराच्या पवित्र तळ्याशेजारी दगडाचा एक भुंगा आहे, तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातला. त्याभोवती फेऱ्या मारल्या की इच्छा पूर्ण होते, असं गाइडने सांगताच आमच्या टूरला प्रथमच इजिप्त समजलं. जर्मन, चिनी, ब्राझीलचे लोक उगाच हसत-खिदळत गोल फिरत होते. आमच्या बायका पदर खोचून, हात जोडून, बरोबर उजव्या हाताने शिस्तीत प्रदक्षिणा घालत होत्या. एक काकू भुंग्याच्या पायाशी पाच पौंडांची नोट ठेवायला निघाल्या, त्यांना पहारेकऱ्याने अडवलं आणि नोट स्वतःकडे घेतली. पुजारी सगळीकडे सारखेच.

पलीकडच्या काठावर राजांच्या थडग्यांची दरी. तिथली एक गोष्ट मात्र आत्याने नीट ऐकली. 1922 साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनचं थडगं सापडलं, ते म्हणे पाणी भरणाऱ्या एका पोऱ्यामुळे. घागर टेकवायला त्याने वाळू उकरली आणि खाली पहिली पायरी लागली, असं तिथे सांगतात. सोन्याचा मुखवटा, रथ, सिंहासन, सगळं त्या घागरीच्या बुडाखाली. "मग त्या पोराचं नाव काय?" आत्याने विचारलं. गाइडला सांगता येईना. "पाणी भरणाऱ्याचं नाव कोण लिहितं," असं म्हणून ती पुढे चालू लागली. तुतनखामेनला तिने त्यानंतर फारशी किंमत दिली नाही.

एस्नाला जहाज लॉकमध्ये शिरायच्या आधी रांगेत थांबतं, आणि तिथे जगातला एक विलक्षण बाजार भरतो. लहान होड्यांतून विक्रेते येतात, खालून ओरडतात आणि झबले, चादरी, टेबलक्लॉथ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या डेकवर फेकतात. आवडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली फेकायचे. नाही आवडलं तर माल परत फेकायचा. भाव खालून वर आणि वरून खाली, दोन्ही बाजूंनी ओरडून ठरतो. मुंबईची मंडळी पिशव्या चुकवत होती. आमच्या हिने तर हातात झेलून, शिवण तपासून, उलट फेकून, पुन्हा मागवून, शेवटी त्याने सांगितलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्शात झबला घेतला, आणि तो विक्रेता तिला "इंडिया, व्हेरी स्ट्राँग!" असं कौतुकाने ओरडून सांगत गेला. मामांचं लक्ष मात्र लॉककडे. दरवाजे बंद होतात, पाणी भरतं, अख्खं जहाज आपोआप वर उचललं जातं, हे पाहताना त्यांचे डोळे पाणावले. "काही क्रेन नाही, काही जॅक नाही भो," ते म्हणाले. "नुस्तं पाणी भरलं आणि उचललं. आपल्याकडे नुस्तं पाणी भरलं की भांडण होतं."

एडफूचं होरसचं देऊळ इजिप्तमधलं सगळ्यात शाबूत. कारण ते शतकानुशतकं वाळूत गाडलेलं होतं आणि त्याच्या छतावर लोकांनी घरं बांधली होती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच संशोधकाने ते मोकळं केलं. तिथे घोडागाडीतून जातात, घोडागाडीवाला परत येताना जास्त पैसे मागतो आणि सगळे शिर्डीच्या आठवणी काढतात. एवढंच.

कोम ओम्बोला मात्र थांबायला हवं, कारण तिथे आम्हाला इजिप्त सापडलं.

देऊळ अगदी नदीच्या काठावर. अर्धं सोबेक या मगरीच्या देवाचं, अर्धं होरसचं. दोन गाभारे, दोन दारं, मधे सामायिक भिंत. भाऊबंदकीत वाटणी झाल्यासारखं. मगरींच्या ममी काचेच्या कपाटात आहेत. एका भिंतीवर पंचांग कोरलेलं आहे, कुठल्या दिवशी देवाला काय अर्पण करायचं याचं. आत्या त्याच्यापुढे बराच वेळ उभी होती. आमच्या घरच्या कालनिर्णयवर तीही असंच लिहिते: अमुक तारखेला पाणी आलं, तमुक तारखेला मोटार बिघडली, पुढचं बहुतेक एकादशीला. तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यांचंही घर चालायचं बघ."

मग भिंतीवरचे देव. इजिप्तच्या देवळांत जिथे बघाल तिथे देवांच्या हातात एक वस्तू असते: खाली दांडा, वर आडवी पट्टी, त्यावर कडी. गाइड म्हणाला, "ये अंख है. जीवन की चाबी." आणि त्याने एक कोरीव चित्र दाखवलं. मधे टॉलेमी राजा उभा, दोन्ही बाजूंना होरस आणि थोथ हे दोन देव, त्यांच्या हातातल्या कलशांतून राजाच्या डोक्यावर धार पडते आहे, आणि ती धार पाण्याची नाही. लहान लहान चाव्यांची आहे.

आत्याने माझा दंड धरला. "अरे, हा तर वॉल्व्हवाला!"

ज्यांच्या गावात रोज पाणी येतं त्यांना वॉल्व्हवाला माहीत नसतो. तो सायकलवरून येतो, त्याच्याकडे लोखंडी दांड्याची लांब चावी असते, वर धरायला आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उचलून तो ती खड्ड्यात घालतो, फिरवतो आणि एका गल्लीचं आयुष्य सुरू होतं. त्याच्याशी कुणी मोठ्या आवाजात बोलत नाही. त्याच्या घरच्या लग्नाला अख्खा वॉर्ड जातो. आमदाराला न ओळखणाऱ्या बायका त्याच्या सायकलची घंटी ओळखतात. तीन हजार वर्षं ज्या चिन्हावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले त्याचा अर्थ आमच्या आत्याने उभ्या उभ्या लावला, आणि मला विचाराल तर तो बरोबर आहे.

देवळाच्या अंगणात एक खोल, गोल विहीर आहे. ती नुसती विहीर नाही, नाईलोमीटर आहे. नदीला पूर किती चढला हे तिथे मोजायचे. पुराच्या पाण्यावर पीक, पिकावर सारा. पाणी जास्त चढलं की त्या वर्षीचा कर जास्त. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने मेम्फिसच्या मापाचा हिशोबच देऊन ठेवला आहे: पाणी बारा हात चढलं तर उपासमार, तेरा हात म्हणजे टंचाई, चौदाला लोक खूश, पंधराला निर्धास्त, सोळाला चैन. कैरोतल्या रोडा बेटावर असंच एक माप नवव्या शतकात अरबांनी बांधलं, तेही अजून आहे. टूरमधले बाकीचे लोक विहिरीत वाकून फोटो काढत होते. आत्या वाकून पाणी बघत होती. आमच्या गच्चीवरच्या टाकीत ती वेताची काठी बुडवते, तिच्यावर तिने नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत: सगळ्यात वरची 'पाहुणे चालतील', मधली 'घरचे', त्याखाली 'डोक्यावरून नाही', आणि तळाशी नुसती एक लाल रेघ.

एवढंच नव्हे, नाशिकला आपल्याकडेही हे माप आहेच की. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गोदावरीचं पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, गळ्याला, असंच नाशिककर पूर सांगतात, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की मग बोलायची सोयच नाही. फरक इतकाच, की इजिप्तवाले मापावरून सारा घ्यायचे. आपण फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो.

आणि नेमका तिथेच, त्या प्राचीन विहिरीच्या कठड्याशी, माझा फोन वाजला. गल्लीच्या ग्रुपवर निरोप होता: 'आज पाणी सुटणार. तयारीत राहा.'

पुढचा प्रसंग कोम ओम्बोच्या इतिहासात अभूतपूर्व असावा. आत्या ओरडली, "किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे, त्यांना लाव फोन!" वहिनी मालेगावला गेल्या होत्या. किल्ली त्यांच्या मुलाकडे होती. मुलगा क्लासला होता. ही म्हणाली, मागच्या दाराची कडी आतून नाही, ढकललं तर उघडेल. मामांनी फोन हातात घेतला आणि कारखान्यात फोरमन असतानाच्या आवाजात आज्ञा सुरू केल्या: "आधी पाइप लाव. आवळ. मग मोटार. हवा काढ, हवा काढ आधी!" इजिप्तचा गाइड घाबरून टूर मॅनेजरला विचारू लागला, कुणी वारलं का? मॅनेजर पुण्याचा, तो म्हणाला, नाही, पाणी आलं. गाइडने मागे वळून नाईलकडे पाहिलं. नाईल होती तिथेच होती.

शेवटी शेजारच्या त्या शहाण्या पोराने व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या पडद्यावर आमची गच्ची, टाकीचं झाकण, आणि पाइपातून धो धो पडणारी धार. आम्ही चौघं डोकी जुळवून बघत उभे राहिलो. हळूहळू टूरमधले मराठवाड्यातले लोक मागे येऊन उभे राहिले. लातूरच्या एक बाई म्हणाल्या, "भरतीय की छान." त्यांना त्या धारेची किंमत माहीत होती. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेल्या रेल्वेच्या टँकरने पाच लाख लिटर पाणी लातूरला नेलं, ते त्यांनी स्टेशनवर जाऊन पाहिलं होतं. जगात इतर ठिकाणी माणसं पाण्यावरून प्रवास करतात. आपल्याकडे पाणीच रेल्वेने प्रवास करतं. बराच वेळ देवळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सोबेक आणि होरस दोघांनीही ते समजून घेतलं असावं. तेही शेवटी पाणी खात्यातलेच.

आस्वानला पोचलो तेव्हा मामांनी गाइडला पावसाचं विचारलं. तो म्हणाला, इथे पाऊस पडत नाही. म्हणजे कमी पडतो? नाही, पडत नाही. वर्षाची सरासरी एखादा मिलिमीटर. हे ऐकून आम्ही थक्क झालो. आमच्या नांदगाव तालुक्याला दुष्काळी म्हणतात, पण तिथे निदान पोळ्याच्या सुमाराला छत्री तरी लागते. इथे छत्रीचा धंदाच नाही, आणि नळ बघावा तर चोवीस तास. पाऊस नाही त्यांना पाणी आहे आणि पाऊस आहे त्यांना पाळी. मामांनी यावर दिवसभर विचार केला. संध्याकाळी म्हणाले, "हिशोब जमत नाही." त्यानंतर ते बोलले नाहीत.

आस्वानच्या धरणाची गोष्ट मामांना जितकी आवडली तितकी आम्हाला कुणालाच नाही. मोठं धरण 1960 ते 1970 मध्ये झालं. पाणी चढणार, देवळं बुडणार, म्हणून जगभरातून पैसे गोळा झाले. अबू सिंबेलचा रामसेसचा डोंगर करवतीने कापला. एकेक तुकडा वीस-वीस टनांचा. 1964 ते 1968 या काळात अख्खं देऊळ पासष्ट मीटर वर आणि दोनशे मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं, आणि मागे काँक्रीटचा घुमट बांधून त्यावर खोटा डोंगर रचला. सांधे दिसत नाहीत. मामा रामसेसच्या पायाशी उभे राहून सांधा शोधत होते. एक सापडला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी रामसेसचा पाय थोपटला. फिले बेटावरचं इसिसचं देऊळ तर आधीच्या धरणामुळे वर्षातले कितीतरी महिने पाण्यातच असायचं; जुन्या काळचे साहेब होडीतून खांबांच्या मधून फिरायचे. तेही उचलून शेजारच्या बेटावर ठेवलं. तिथली पूजा सहाव्या शतकात बंद झाली, हे ऐकून आत्याच्या पोटात कालवलं. "पंधराशे वर्षं देवाच्या डोक्यावर पाणी नाही?" ती म्हणाली. मी म्हटलं, आत्या, मधे काही वर्षं डोक्यावरून होतं.

मला उजनी आठवली. उजनीचं धरण झालं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. ते कापायला कुणी करवत आणली नाही, खोटा डोंगरही रचला नाही. पण आपल्याकडे त्याची गरज पडत नाही. चांगला कडक उन्हाळा पडला, धरण आटलं, की ते आपलं आपण वर येतं. मग पुण्या-सोलापूरचे लोक गाड्या काढून तडे गेलेल्या गाळातून चालत जातात, शिखराचे फोटो काढतात, आणि घरी येऊन टँकरची वाट बघतात. इजिप्तला प्राचीन देऊळ दाखवायला सगळं जग लागलं. आपल्याला एक वाईट पावसाळा पुरतो.

परत आल्यावर गल्लीत चहाला लोक जमले. पिरॅमिड केवढे, असं विचारायला आलेल्यांना आत्याने तासभर नळ सांगितला. डावा नळ फिरवला की गरम, उजवा फिरवला की गार, आणि कुणी "बंद कर" म्हणून ओरडत नाही. ऐकणाऱ्या बायका मान डोलवत होत्या. एक निवृत्त गुरुजी नाराज झाले. देवळंच बघायची होती तर इतकं लांब कशाला? आपल्या दारात अंकाई-टंकाई आहेत, हजार वर्षांच्या आसपासची जैन लेणी आहेत, वर किल्ल्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे. गुरुजींचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. आम्ही रोज रेल्वेतून अंकाई बघतो आणि वर्षानुवर्षं चढत नाही.

आत्या मात्र अगस्तींच्या नावाने उसळली. "गुरुजी, तेच ते ना, समुद्र पिऊन टाकला ते?"

"हो. एका आचमनात."

"आणि राहायला आले अंकाईला, आपल्या मनमाडशेजारी?"

गुरुजी हो म्हणाले. सगळी गल्ली गप्प होऊन अंकाईच्या दिशेने बघू लागली. इतक्या वर्षांच्या टंचाईची चौकशी कुणी या बाजूने केलीच नव्हती.

मागच्या आठवड्यात मेव्हण्याचा पुन्हा फोन आला. आता भारतातच नदीवरचं मोठं जहाज निघतं म्हणाला, गंगा विलास. 2023 च्या जानेवारीत पहिल्यांदा सुटलं. वाराणसीपासून बांगलादेशातून डिब्रूगडपर्यंत, तीन हजार दोनशे किलोमीटर. वाटेत घाट, देवळं, मठ, सगळं. "आत्या, एक्कावन्न दिवस! नुसतं पाणीच पाणी!"

आत्या कालनिर्णयची पानं उलटत होती. तिने बोटांवर मोजलं. "एक्कावन्न म्हणजे पाण्याच्या तीन पाळ्या. दोन मी शेजारच्या पोराकडून भरून घेईन. तिसरीला त्याची परीक्षा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाटण्याहून आपल्याला थेट गाडी आहे ना? असं कर, मी पाटण्याला उतरते, येऊन टाकी भरते आणि गुवाहाटीला परत जहाज धरते. तू जाता-येता खालच्या बर्थचं बघून ठेव."